विसवयीचे सहा थेंब

२०६७ साली नाशिकच्या ‘वाफ’ या उपाहारगृहात बुधवारी जागा हवी असेल तर पंधरा दिवस आधी नाव नोंदवावं लागे. तिथले डिमसम, म्हणजे बांबूच्या टोपलीत वाफवलेले तिखटमिठाचे मोदकच म्हणा ना, चांगले असत. पण लोक येत ते फक्त बुधवारी कॉकटेलमध्ये मिळणाऱ्या सहा थेंबांसाठी. त्या थेंबांचं नाव विसवय.

मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटांनी जाणवेनासं होतं, पंख्याची घरघर ऐकू येईनाशी होते. रोजच्या गोष्टींची दखल घेणं मेंदू सोडून देतो. नाहीतर माणूस वेडाच व्हायचा. पण घड्याळाला जो न्याय तोच मेंदू नवऱ्याला आणि बायकोलाही लावतो. आपले पूर्वज ‘अतिपरिचयात अवज्ञा’ म्हणून गप्प बसले. विसवय समोरच्या माणसापुरती ही सवय दोन तास पुसते. आठवणी शाबूत राहतात, माणूस मात्र कोरा करकरीत दिसतो. शरीर या औषधाला आयुष्यात एकदाच दाद देतं.

ते शोधून काढणारी डॉ. शाल्मली दातार त्या बुधवारी स्वतःच तिथे बसली होती. समोर तिचा नवरा निनाद, रोपवाटिका चालवणारा. एकोणीस वर्षांच्या संसारानंतर दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. शुक्रवारी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या होत्या. भांडायलाही काही उरलं नाही, हे शाल्मलीला खुपत होतं. सह्यांआधी एकदा हे थेंब घेऊन पाहू, असं तिने सुचवलं आणि निनाद नेहमीसारखा बरं म्हणाला.

“आणि प्यायल्यावर तू मला आवडलीच नाहीस तर?” त्याने विचारलं.

“तर सही करताना त्रास होणार नाही,” ती म्हणाली. चाचणीत दोनशेपैकी एकशेऐंशी जोडपी खुलली होती, हेही तिने अभिमानाने सांगितलं.

दोघं प्यायले, आणि पंधरा मिनिटांत तिला तो दिसू लागला. नखांतली माती, वाढप्याशी अदबीने बोलणं, हसण्याआधी खाली बघणं. टोपलीत तीन डिमसम होते. त्याने एक खाल्ला आणि टोपली तिच्याकडे सरकवली. दुसऱ्या टोपलीचंही तेच. तिने कारण विचारलं, तर तीन असले की दोन तुझे, हे पहिल्यापासूनच ठरलेलं आहे, असं तो म्हणाला. शाल्मलीला भरून आलं. एकोणीस वर्षं ती निवांतपणे दोन खात आली होती.

“शुक्रवारचं रद्द करू,” ती म्हणाली. “मला तू हवा आहेस.”

निनादने पेला खाली ठेवला.

“मघापासून चार वेळा माझं बोलणं तोडलंस. डाळिंबाच्या कलमांचं सांगत होतो, तर तू संदेश वाचत बसलीस. रोजचंच आहे. पण आज लागलं गं. फार लागलं.”

शाल्मली चपापली. चाचणीच्या तक्त्यात तिने हसू मोजलं होतं, हातात घेतलेले हात मोजले होते. दुखण्याला रकानाच नव्हता. उरलेल्या वीस जोडप्यांना मात्रा कमी पडली असेल, असं लिहून ती मोकळी झाली होती. ज्या सवयीने त्याची माया तिच्यापासून झाकली, त्याच सवयीने त्याचं दुखणं त्याच्यापासून झाकलं होतं, आणि त्या झाकण्यावरच संसार इतकी वर्षं तगला होता.

“पाऊण तास उरलाय,” निनाद म्हणाला. “मग दुखायचं थांबेल आणि मी बरं म्हणेन. थांबू या का तोवर?”

नुसतं थांबलं असतं तरी तो तिला परत मिळाला असता. मोह मोठा होता, आणि तिला निनाद खरोखर हवा होता.

“नको,” ती म्हणाली. “दुखतंय तोवर सगळं सांग. नंतर मलाही इतकं ऐकू येणार नाही.”

त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. आपली बाजू मांडायला तिने कितीदा तरी तोंड उघडलं, पण दर वेळी ते मिटून घेतलं. चौथ्या वर्षाच्या दिवाळीपाशी तो अडखळला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू निवळला.

“पुढचं काही विशेष नाही गं,” तो हसून म्हणाला. “करू रद्द शुक्रवारचं. बरं.”

तिलाही आता समोर तोच नेहमीचा निनाद दिसत होता.

“ते नंतर ठरवू,” शाल्मली म्हणाली. “आधी पाचवं वर्ष सांग.”