वर केलेली बाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं. मंगळवारी, भर दुपारी, तिच्याच दवाखान्यात.

मावशी नर्स. डॉक्टरची खुर्ची चार वर्षं रिकामी. दुसरी नर्स बदली घेऊन गेली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. सात वाड्या आणि ही एकटी. आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार?

शेवटच्या वाडीत एक निवृत्त मास्तरीणबाई एकट्या राहायच्या. बीपी फार. दर मंगळवारी बाही वर करून ओट्यावरच्या खुर्चीत तयार बसलेल्या असायच्या. मावशीला उशीर झाला की म्हणायच्या, "छडी आणू का?"

त्या मंगळवारी दवाखान्यात साठ पेशंट. मावशी गेलीच नाही. संध्याकाळी रजिस्टरात अंदाजे लिहून टाकलं... एकशे तीस, ऐंशी.

बुधवारी सकाळी बाई खुर्चीतच गेलेल्या सापडल्या.

बाही वर केलेली होती.

शहरातून धावत आलेल्या मुलानं रजिस्टर पाहिलं. "काल तुम्ही तपासलंत तेव्हा आई ठीक होती ना?"

मावशी "हो" म्हणाली. ते "हो" तिला आजही गिळता येत नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी दवाखाना रिकामा झाला. मावशीनं जेवणाचा डबा उघडला.

तेवढ्यात... फस्स... फस्स...

बीपीच्या यंत्राचा फुगा कुणीतरी दाबत होतं.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावरचा पट्टा फुगत होता, आत हात असल्यासारखा. पारा चढला, मग हळूहळू उतरू लागला. मावशीनं स्टेथोस्कोप कानाला लावून पट्ट्याखाली धरला...

दोनशे दहावर पहिला ठोका.

ठक... ठक...

मग काहीच नाही.

"मी गेले असते तर गाडी बोलावली असती. वाचल्या असत्या गं," हे सांगताना मावशी रडली.

यंत्र तपासून घेतलं. बिघाड नाही.

आता कितीही पेशंट असोत, दर मंगळवारी ती त्या बंद घराच्या ओट्यावर जाते. खुर्चीच्या हाताला पट्टा बांधते, कान लावते आणि येईल तो आकडा लिहिते. मी ते रजिस्टर चाळलं, तेव्हापासून झोप उडाली आहे. प्रत्येक मंगळवारी, दोनशे दहा.

"मेलेल्या बाईचं बीपी लिहितेस? वरून कुणी विचारलं तर?"

"विचारायला तरी कुणी येईल," मावशी म्हणाली.

याला दोन वर्षं झाली. अजून कुणी आलेलं नाही.