मागच्या सीटवर कोण?

रेल्वेचं फाटक बंद होतं आणि आगगाडीचा अजून पत्ता नव्हता. गाड्या इंचाइंचाने पुढे सरकत होत्या, तेवढ्यात बारकीच्या कानावर तो आवाज आला. करर्... करर्...

ती तीन भावंडांत धाकटी, म्हणून बारकी. आता वडिलांपेक्षा उंच झाली होती, त्यांच्या गॅरेजमधली निम्मी कामं एकटी करत होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

तिने आपली मोटरसायकल त्या आवाजाच्या शेजारी नेऊन उभी केली.

"ओ... तुमची चेन ओरडतेय."

गाडीवरच्या तरुणाने हेल्मेटची काच वर केली. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, पण डोळे मात्र हसरे.

"काय म्हणतेय?"

"तेल मागतेय. उपाशी दिसतेय बिचारी."

"परवाच तर घातलं होतं!"

"आणि त्यानंतर मातीतून किती हिंडलात?"

तो ओशाळला. "हिंडावंच लागतं. जनावरांचा डॉक्टर आहे मी. गोठ्यापर्यंत डांबरी रस्ता कोण करून देणार?"

"म्हणजे मुक्या जिवांचं दुखणं तुम्हाला कळतं म्हणायचं."

"ही मुकी कुठे? आत्ता तुम्हीच म्हणालात, ओरडतेय."

बारकीला हसू आवरेना. आगगाडी आली, धडधडत गेली, फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी दोघं तिथेच.

"फाटकापलीकडे डावीकडे आमचं गॅरेज आहे," ती म्हणाली. "या. असं काहीतरी बसवून देते की तेल घालायचं तुम्हाला लक्षातच ठेवायला नको."

तो आला. त्याच दिवशी आला.

तिने बसवलं ते एक छोटंसं यंत्र होतं. गाडीच्या सांगाड्याला घट्ट धरलेली तेलाची बाटली, तिच्यातून निघून मागच्या चाकाच्या दातेरी चकतीपर्यंत, म्हणजे स्प्रॉकेटपर्यंत, गेलेली बारीक नळी, आणि थेंब कमीजास्त करायला वर एक स्क्रू. बाबा त्याला 'ठिबक' म्हणायचे, म्हणून गॅरेजात सगळेच ठिबक म्हणायचे.

"आणि गाडी उभी असताना गळत बसलं तर?" डॉक्टर तिच्याशेजारी उकिडवा बसून बघत होता. जरा जास्तच शेजारी.

"नाही गळत. इंजिनाने श्वास ओढला की झडप उघडते, इंजिन थांबलं की मिटते. गाडी चालेल तेवढाच वेळ थेंब... थेंब... थेंब."

"म्हणजे गरज असेल तेव्हाच. शहाणं आहे."

"बनवणाऱ्या लोकांना अक्कल असते."

"आणि बसवणाऱ्यांना?"

"त्यांना कामाच्या वेळी गप्पा आवडत नाहीत," बारकी म्हणाली. पण पाना हातात असाच फिरवत राहिली... नट केव्हाच आवळून झाला होता.

मग तो बाटली भरून घ्यायला येऊ लागला. कधी बाटली अर्धी असतानाच यायचा. त्याच्या कपड्यांना गवताचा आणि औषधी साबणाचा वास असायचा. अडलेल्या म्हशीची गोष्ट तो अशी सांगायचा की बाबासुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायचे. बारकीची आत्या दुपारी डबा घेऊन यायची; तिने एकदाच त्याला पाहिलं आणि एकदाच भाचीला पाहिलं.

"हं," आत्या म्हणाली.

"हं काय?"

"काही नाही. गालाला ग्रीस लागलंय तुझ्या. तो आला की पुसतेस, एरवी दिवसभर तसंच असतं."

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग एक दिवस बारकीला त्याच्या गाडीच्या मागच्या पायऱ्या दिसल्या.

मागे बसणाऱ्याने पाय ठेवायच्या त्या दोन पायऱ्या आजवर कायम मिटलेल्या असत, चिखलाने माखलेल्या. आज त्या उघड्या होत्या. आणि वरची माती घासून गेलेली. कुणीतरी त्यांवर पाय ठेवत होतं, रोज ठेवत होतं.

बारकीने तेल भरलं. पुढच्या खेपेला चेन पुसताना स्प्रॉकेटच्या दातांत एक जांभळा धागा गुंतलेला निघाला. मऊ. रेशमी. कुठल्याही म्हशीच्या अंगावर असा धागा असत नाही.

तिने तो चिमट्याने ओढून काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"हे काय?"

"अरे हो!" त्याचा चेहरा उजळला. नेमका तोच चेहरा बारकीला नको होता. "स्कार्फचा असेल. आमच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीय. तिला अजून इथले रस्ते माहीत नाहीत, म्हणून फेरीला सोबत नेतो."

"स्कार्फ चेनमध्ये अडकला तर माणूस खाली येतो."

"सांगतो तिला. पण हात काय हलका आहे तिचा! काल एका तापट गाईला सुई टोचली, गाईने शेपूटसुद्धा हलवलं नाही."

"वा."

"आणि गाते छान. रस्ताभर गात असते."

"वा," बारकी पुन्हा म्हणाली. फडकं तिने असं पिळलं की त्यातून थेंब गळला.

त्या दिवसापासून बारकीचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. ती कार्ब्युरेटर उघडायची आणि तिच्या डोळ्यांसमोर रस्ता यायचा. चढ आला की मागची माणसं मागे कलतात, उतार आला की पुढे. आपल्या भागात उतार किती आहेत, याचा तिने आयुष्यात कधी विचार केला नव्हता. आता करायची. खड्डा आला की ती त्याच्या खांद्याला धरत असेल... आणि खड्डे तर पावलापावलावर! ब्रेक दाबला की गाणं थांबत असेल, मग दोघं हसत असतील. आणि हे सगळं कुणाच्या जिवावर? आपण बसवलेल्या ठिबकाच्या! चेन करकरत असती तर गाणं ऐकू तरी आलं असतं का त्याला?

"कुणावर एवढे दात खातेयस?" बाबांनी विचारलं.

"नट गंजलाय," ती म्हणाली. नट कोरा होता.

शेवटी ती आलीच. ऐन उन्हाच्या दिवशी, सकाळी, त्याच्या मागे बसून. उतरली, स्कार्फ सोडला, केस झटकले. बारकीने मनातल्या मनात तिला नकटी, खोटारडी, ऐटबाज असं काय काय करून ठेवलं होतं. त्यातलं ती काहीच नव्हती. चांगली होती. तिने आपणहून पुढे येऊन बारकीचा तेलकट हात हातात घेतला, आणि बारकीला ते अगदी असह्य झालं.

"तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचं ठिबक फार झकास आहे हं. बघा, पांढरी पॅन्ट घालून रोज मागे बसते, एक डाग नाही!"

एक डाग नाही.

"आज घाटातल्या वस्तीवर जायचंय," डॉक्टर बारकीला म्हणाला. "बाटली भरून देता?"

ते दोघं नळावर पाणी प्यायला गेले. तिकडून हसण्याचा आवाज आला. बारकीने बाटली भरली, झाकण लावलं. बोट स्क्रूवर गेलं आणि... तिने तो फिरवला. थोडा. मग अजून थोडा. त्या पांढऱ्या पॅन्टवर चार शिंतोडे उडू देत, बस्स. एवढंच तिच्या मनात होतं.

गाडी गेली. जाताना डॉक्टरने मागे वळून हात हलवला. मागचीनेही हलवला.

बाबा कपाळाचा घाम पुसत बाहेर आले. "काय ऊन आहे! आज कुणाचं ठिबक लावलंस तर जरा आवळूनच ठेव गं. असल्या उन्हात तेल पाण्यासारखं धावतं. चेनवरून उडतं ते थेट टायरवर..."

बारकीच्या हातातला पाना खाली पडला.

टायरवर. घाटात. मागच्या टायरवर तेल, समोर वळण, खाली दरी.

हेल्मेट घालायचंही भान तिला अर्ध्या रस्त्यात आलं. गाडी अशी ती कधी पळवत नसे. डॉक्टरला तिने फोन लावला होता. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, हा त्याचा गुण तिला फार आवडायचा. आज त्या गुणाला तिने शिव्या घातल्या. डोळ्यांसमोर आता ना उतार होते, ना खांद्यावरचे हात. फक्त आडवी झालेली गाडी होती... आणि बाजूला पडलेला तो. आणि ती. हो, तीसुद्धा. बारकीने ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

घाट सुरू होतो तिथे, पहिल्या वळणाच्या अलीकडे, तिला जांभळा स्कार्फ दिसला. बारकीने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

ते थांबले.

"काय झालं?" तो घाईने उतरला. "बाबा बरे आहेत ना?"

"पुढे जाऊ नका... टायर बघा."

मागच्या टायरची कड ओली, काळी चमकत होती. तेल रिमवरून ओघळत टायरच्या मध्याकडे सरकत होतं. अजून दोन वळणं, आणि रस्त्याला टेकलं असतं. डॉक्टरिणीच्या पांढऱ्या पॅन्टवर पोटरीपासून घोट्यापर्यंत शिंतोडेच शिंतोडे होते.

"ठिबक बिघडलं का?" त्याने विचारलं.

हो म्हणाली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. बारकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"नाही. मी स्क्रू सोडला. मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

"यांच्या पॅन्टवर डाग पडावेत म्हणून."

घाटातून एक ट्रक घरघरत उतरला आणि निघून गेला.

"पण का?" त्याने पुन्हा विचारलं.

"कारण या रोज तुमच्या मागे बसतात!" बारकीचा आवाज फुटला. "आणि गातात. आणि यांचा हात हलका आहे. मला नाही बघवत... बस्स, नाही बघवत! टायरचं माझ्या डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं. माझं कामच आहे ते."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिला वाटलं, तो काहीतरी मऊ बोलेल. तो बोलला ते असं:

"गाडीवर दोन माणसं होती. बाकी सगळं नंतर. दोन माणसं होती."

तिने मान खाली घातली. आपल्या गाडीच्या पेटीतून फडकं आणि साबणाच्या पाण्याची बाटली काढली, रस्त्याच्या कडेला बसून टायर घासला, वाळवला, पुन्हा घासला. स्क्रू आवळला. तो पाठ करून दरीकडे बघत उभा होता.

डॉक्टरीण तिच्याजवळ येऊन बसली. पॅन्टवरचे डाग बघत हळूच म्हणाली, "मला राग आलाय तुमचा. खूप. पण... खरं सांगू? मला तर रस्ते केव्हाच पाठ झालेत. अजून थोडे दिवस असंच मागे बसून फिरावं, म्हणजे कदाचित..." ती उठली. "तो तुमच्याविषयी बोलायला लागला ना, की मी गाणं सुरू करायचे. दुसरं काय करणार!"

वस्तीवर ती गेली ती खालून आलेल्या दुधाच्या टेम्पोत बसून.

बाबांना बारकीने सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. तिच्या हातातून पाना घेतला, भिंतीवर टांगला आणि म्हणाले, "राग काढायला घरात भांडी आहेत. लोकांच्या गाड्या नाहीत." मग पाना कितीतरी दिवस तिथेच राहिला. बारकी झाडलोट करायची, सुटे भाग पुसून ठेवायची. आत्या डबा घेऊन यायची आणि काहीच म्हणायची नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

तो येत नव्हता. मत्सर मात्र येत होता, वेळीअवेळी, न बोलावता. आता तर त्या मत्सराला मोकळं रान होतं. ती दोघं बारकीला हसत असतील. किंवा हसतही नसतील, तिला विसरूनही गेली असतील...

बाबांनी पाना पुन्हा हातात दिला त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, तो दारात उभा राहिला. एकटा. मागच्या पायऱ्या मिटलेल्या.

"ठिबक काढायचंय?" तिने विचारलं.

"नाही. शिकायचंय. स्क्रू किती फिरवायचा, उन्हात किती, थंडीत किती, सगळं. यापुढे माझं मीच बघेन."

वाजवी होतं. तिने हं म्हटलं आणि शिकवलं. उन्हात आवळायचा. थंडीत तेल घट्ट होतं, तेव्हा जरा सोडायचा. चेनवर बोट फिरवून बघायचं. बोट ओलसर झालं पाहिजे, माखता कामा नये. त्याने बोट फिरवलं, दाखवलं. तिने मान हलवली. त्याने पुन्हा केलं. बरोबर आलं. तिसऱ्यांदाही बरोबर आलं. इतक्या लवकर शिकणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता, आणि इतका राग कधी कुणाच्या शिकण्याचा आला नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "आता तुम्हाला माझी गरज नाही."

"तिने आता स्वतःची स्कूटर घेतलीय," तो बोट पुसत म्हणाला.

"मी विचारलं नाही."

"विचारलं नाहीत, पण कान टवकारलेत." तो हसला नाही, डोळे मात्र हसले. "मी फार चिडलो होतो. अजून थोडा चिडलेला आहे. माझ्या मागे कोण बसतं याची तुम्हाला एवढी पर्वा आहे, हे घाटाच्या तोंडाशी नेऊन सांगायची काय गरज होती? इथेच सांगायचं."

"कसं सांगणार? तुम्ही गाईच्या शेपटीचं सांगत होतात."

"मी बावळट आहे. मला वाटायचं, तुम्हाला फक्त चेनमध्ये रस आहे."

"मीही बावळट आहे," बारकी म्हणाली. "आणि वाईट आहे. परत कुणी तुमच्या मागे बसलं तर मला पुन्हा असंच होईल. स्क्रूला हात लावणार नाही, शपथ. पण होईल... आधीच सांगून ठेवते."

"होऊ दे. पण तोंडाने सांगायचं. तेवढं कबूल?"

"कबूल."

बाहेर दिवे लागले होते. आत बाबा उगाचच एक कोरा नट घासत बसले होते, पाठ इकडे करून.

डॉक्टरने हेल्मेट उचललं. परत खाली ठेवलं.

"चेनचं शिकून झालं. बाटली घरीच भरता येईल. आता इथे यायला मला काही निमित्तच उरलं नाही."

"नाही उरलं," बारकी म्हणाली.

"मग उद्यापासून बिननिमित्ताचा येत जाईन... चालेल तुला?"

तुला, म्हणाला तो. तुम्हाला नाही.

तिने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं, फडक्याने पुसलं आणि आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "बस ना आत्ताच."