फोड आलेली डिस्क

हट्टी म्हणा, चिक्कू म्हणा, पण घरात वस्तू असताना नवी आणायची नाही, ही माझी खोडच आहे. तीच नडली.

इथे आखातात, बिन महमूद भागात मी जाते त्या दवाखान्यातलं सोनोग्राफीचं यंत्र जुनं. बाळाचा व्हिडिओ हवा तर डिस्क आपली न्यायची. दुकानांत डिस्क मिळेना, तेव्हा कपाटातून एक जुनी काढली. पुसून पुन्हा वापरता येते, त्यातली. तिच्यावर आमच्या पहिलीचा व्हिडिओ होता. उर्वीचा. नाव ठरलं होतं, पण आठव्या महिन्यात पोटातच तिचे ठोके थांबले. व्हिडिओ लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला होता, म्हणून पुसायला मन धजावलं.

डिस्कच्या कडेला डास चावल्यासारखा फोड आला होता.

"तेवढा भाग पुसला जाणार नाही," स्वानंद म्हणाला. माझा नवरा आयटीतला. "फेकून दे ना, नीलू."

"बाकीची चांगली आहे की! आणि नव्या जिवाला आधी जुनंच झबलं घालतात."

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून नवा व्हिडिओ लावला. एसी घरघरत होता, पडदे ओढलेले. पोटातलं बाळ तेव्हा सात महिन्यांचं. स्क्रीनवर त्याची हालचाल आणि ठोके... धडधड, धडधड. तिसऱ्या मिनिटाला लॅपटॉप करकरला, स्क्रीन काळी झाली आणि खालून दुसरे ठोके येऊ लागले. बारीक, घाईघाईचे. कुणाचे ते मला सांगावं लागलं नाही.

"जुनंच उरलंय गं..." स्वानंद पुटपुटला.

माझा हात पोटावर होता. बाळ हलायचं थांबलं होतं.

डिस्क बाहेर काढली, तरी ठोके चालूच. खोलीत डेटॉलचा वास सुटला, त्या दिवशी हॉस्पिटलात होता तसा. साताऱ्याला सासूबाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"अगं बाई, काय करून बसलीस हे! जुनं घालतात ते हसत्याखेळत्या लेकराचं! गेलेल्याचं नाही गं..."

मला रडूच फुटलं. भीतीपेक्षा लाज वाटली. पोटच्या पोरीला पुसायला निघाले होते मी! पण बाळ अजून हलत नव्हतं. मग डोळे पुसले. एक गेलं, दुसरं जाऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते होवो.

स्वानंद गाडी काढायला धावला. मी डिस्क मांडीवर घेतली, फोडावर बोट ठेवलं. फोड कोमट होता... आणि उडत होता.

"उर्वी, चुकलं माझं. तुला जागा हवी ना? माझ्यात ये. हवं तितके दिवस राहा. पण ह्याला सोड. आई सांगतेय."

बोटाखाली फोड दबला, सपाट झाला. ठोके थांबले. आणि पोटात अशी लाथ बसली की मी ओरडलेच.

शिवराज आता पाच महिन्यांचा आहे, चांगला गुटगुटीत. त्याला लस द्यायला गेलो, तेव्हा जैतून सिस्टरनं सहज माझ्याही बोटाला नाडीचा चिमटा लावला. आकडा आला एकशे शेहेचाळीस. तिनं काढून पुन्हा लावला. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा लावला, एकशे शेहेचाळीस.

"मशीन खराब है," ती म्हणाली. मी चिमटा काढून शिवराजला उचललं.

स्वानंदला यातलं काही सांगितलेलं नाही. उर्वीला शब्द दिलाय, तो फिरवायचा नाही. दुपारी शिवराज झोपला की छातीवर हात ठेवून दोन्ही ठोके मोजते. उर्वीचे अजून तेवढेच आहेत, एकशे शेहेचाळीस.

माझे अठ्ठ्याहत्तर होते, काल बावन्न भरले.