ओठांची कड

ताईने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. हनुवटीची खळी जागच्या जागी, नाकाचा शेंडा जागच्या जागी. तोंडाचं भोक मात्र काही केल्या पडत नव्हतं. मिटलेले ओठ तसेच.

धाकटी बहीण आगीत भाजली होती. वण दाबून धरणारा तिचा पारदर्शक मुखवटा ताईच बनवत होती. भाजल्यापासून धाकटी एक अक्षर बोलली नव्हती. गळा ठणठणीत आहे, असं डॉक्टर सांगत.

"काय ताई, बहिणीचं तोंड बंदच ठेवायचं ठरवलंत की काय?" मुखवटे काढणाऱ्या मशीनवाल्याने दारातून विचारलं.

"तू तुझं मशीन तापव. आज फाइल देते म्हणजे देते."

दोष तसा साधा होता. तोंडाचा आकार कापणारी कड बंद नव्हती. केसाएवढी फट राहिली होती. कड बंद नसली की आत कुठलं, बाहेर कुठलं, हे कॉम्प्युटरला कळत नाही. मग तो कापतच नाही.

तिने फट जोडली. फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली. फट परत तिथेच, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात.

कड पुसून नवी काढली. फट आली. शेजारच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. आली. मोठं करून बघितलं, तर कडेची दोन टोकं एकमेकांना टाळत होती, रुसलेल्या पोरींसारखी.

शेवटी तिने ओठांभोवती उलट्या बाजूने कड फिरवत आणली. ती बंद झाली आणि बंदच राहिली. पण कड उलटी फिरली की आत-बाहेरही उलटतं, हे ती घाईत विसरली. नवशिक्यांची चूक. ठेवायचं ते गेलं, कापायचं ते राहिलं. चेहरा नाहीसा. काळ्या पडद्यावर नुसते ओठ.

"हात्तिच्या!" ताईला हसू आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, बोलतेय ती!" बाबांचा आवाज कापत होता. "आत्ता, अचानक! 'ताई' म्हणाली, अगदी स्पष्ट."

ताईचे डोळे भरून आले.

"पण... आरसा मागितला तिने. दिला." बाबा अडखळले. "म्हणते, यात मी कुठाय?"

"तुम्हाला दिसतेय ना ती, बाबा?"

"आवाज येतोय तिचा," बाबा म्हणाले. "ऐक."

कडेची दिशा उलटवायचं बटण समोरच होतं. दाबलं की चेहरा परत येईल.

आणि आवाज?

ताईचं बोट तसंच थांबलं.

फोनमध्ये धाकटी हसत होती, पूर्वीसारखी, खळखळून.