चौथ्या पेटीतले पाहुणे

"उद्या सकाळी फवारणीवाला येतोय. त्या माश्यांचा एकदाचा निकालच लावतो!" फोन ठेवत काका म्हणाले.

"पण काका, शेजारच्या पेटीत दयाळ पक्ष्याची पिल्लं आहेत!" भिंगरीच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तिच्यावर फडकं टाकू. झालं!"

"औषध फडक्याला विचारून आत जाणार वाटतं!" ढोल्या पुटपुटला.

भिंगरी सुट्टीला मावशीकडे आली होती. स्वभावाने इतकी शांत, की मावसभावाने, म्हणजे ढोल्याने, मुद्दाम तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. काका सुतार. बागेतल्या झाडांवर त्यांनी पाखरांसाठी चार लाकडी पेट्या टांगल्या होत्या. एकीत दयाळाने घरटं केलं, दोन रिकाम्याच राहिल्या, आणि चौथीच्या भोकाशी कालपासून मधमाश्या घोंघावत होत्या.

भिंगरी मावशीची दुर्बीण घेऊन पायरीवर बसली. बराच वेळ ती माश्यांची ये-जा बघत राहिली.

"गंमत बघ," शेवटी ती म्हणाली. "एकीच्याही पायाला पराग नाही."

"अनवाणी आल्या असतील!"

"ऐक तरी! संसार थाटलेल्या माश्या पायांना परागाचे पिवळे गोळे लावून घरी येतात. या रिकाम्याच येतात, आत फिरतात, बाहेरून भिंती चाचपतात आणि निघून जातात. भाड्याची खोली बघायला माणसं येतात ना, तशा!"

"म्हणजे अजून राहायला आल्याच नाहीत?"

"मला तसं वाटतं."

"तुझ्या वाटण्यावर बाबा फवारणीवाल्याला परत पाठवायचे नाहीत हां!"

ते खरंच होतं. भिंगरी विचारात पडली. अंधार पडला की माश्या घरी परततात. त्यांचं घर पेटीत असेल, तर संध्याकाळी पेटी गच्च भरलेली असणार. नसेल, तर रिकामी. उघडून बघायला हवं. पण अंदाज चुकला तर?

दिवेलागणीला ढोल्याने शिडी धरली. "मी पळालो तर शिडी पडेल, आणि शिडी पडली तर तू पडशील. म्हणून मी पळणार नाही. पण लवकर कर!"

भिंगरीने पेटीला कान लावला. काहीच नाही. तिने नखाने हलकेच टकटक केलं. आत भरलेलं पोळं असतं, तर सळसळ उठली असती. उठली नाही. तिने श्वास रोखला आणि झाकण सरकवलं.

पेटी रिकामी होती!

"ढोल्या, कुणी नाही! पण... वास येतोय. मधासारखा." झाकणाच्या खाचेतून तिने बोट फिरवलं. बोटाला पिवळट, चिकट काहीतरी लागलं.

पेटी घेऊन दोघं थेट काकांच्या कारखान्यात गेली. काका आधी चिडले, मग रिकाम्या पेटीकडे बघतच राहिले.

"काका, हे काय आहे?"

"मेण. स्क्रू नीट फिरावेत म्हणून लावतो. या पेटीचं झाकण फार अडत होतं, म्हणून खाचेत चांगलं चोपडलं."

"पोळ्यातलं मेण?"

"मग काय मेणबत्तीचं?" काका एकदम थांबले. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे या मेणाच्या वासाने त्यांना बोलावणं मीच धाडलं की!"

त्यांनी लगेच फोन करून उद्याची फवारणी थांबवली. मग पेटी उचलली. "आता ही कुठे टांगू? तूच सांग."

"कारखान्यामागच्या उंच भिंतीवर. तिकडे कुणी फिरकत नाही, पिल्लंही लांब राहतील. आवडली जागा तर येतील. नाही तर दुसरीकडे जातील."

दुसऱ्या दिवशी सकाळी काही माश्या पेटीच्या आधीच्या झाडाभोवती घिरट्या घालत राहिल्या. भिंगरीला वाटलं, आपण त्यांना बेघर तर नाही केलं? दयाळ मात्र चोचीत अळी धरून पिल्लांकडे बिनधास्त ये-जा करत होता.

दुपारी ढोल्या ओरडतच आला, "भिंगरे, धूर! नाही, माश्या!"

कुंपणावरून गुणगुणता काळा ढग आला, कारखान्यावर गोल फिरला आणि भिंतीवरच्या पेटीत थेंबाथेंबाने शिरू लागला. मावशी, काका, मुलं, सगळी कारखान्याच्या मागच्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

तेवढ्यात फोन वाजला. फवारणीवाला विचारत होता, "मग कधी येऊ साहेब?"

"नका येऊ," काका हळू आवाजात म्हणाले. "मी न बघताच तुम्हाला बोलावलं होतं. आमच्या भाचीनं नीट बघितलं."