आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने तूप-हळद चोळतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नत्थुजींच्या घरी यंदा बैलच नव्हते. मोर्शी रोडलगतच्या त्यांच्या अर्ध्या वावरात लेआउट पडलं, त्यातल्याच एका रो-हाउसमध्ये ते मुला-सुनेसह राहायला आले, आणि मुलाने, गोपालने, जोडी बाजारात विकून टाकली.

उरलेल्या अर्ध्या वावराच्या विक्रीची सही पोळा झाला की होणार होती. ग्रामसभेत शेजारचा देवराव म्हणाला होता, "अशी काळी गेली तं गावानं खावं काय? सिमिट?" गोपाल जरा कचरला होता, पण त्याच्या बायकोने, साधनाने, त्याच्यामागे लकडा लावला. चिखलाला ती जन्माची विटली होती. मातीत काय सोनं पुरलंय, असा तिचा सवाल.

संध्याकाळी नत्थुजी वाटी घेऊन हॉलमध्ये आले. टीव्हीपुढे बसलेल्या गोपालच्या बनियनची पट्टी त्यांनी सरकवली आणि खांदा चोळू लागले.

"बाबा, काय करून राहिले?"

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून गोपालने दुसराही खांदा पुढे केला. साधनाला हसू आवरेना.

"मामाजी, एकाच बैलावर भागवता काय? जोडी कुठं हाय?"

नत्थुजींनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. मग त्यांनी वाटी झाकून ठेवली.

सकाळी गोपाल अंथरुणात नव्हता. मागचं दार सताड उघडं होतं. पडीक ठेवलेल्या वावरात तो अनवाणी, मान खाली घालून उभा होता. नांगर कुठेच नव्हता, तरी त्याच्यामागे या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नांगरटीचा एक सरळ तास पडला होता. जू घासावं तशी खांद्याची कातडी सोलली होती.

"अहो, घरात चला."

तो नुसता नाकाने जोरजोरात श्वास सोडत राहिला.

मागून नत्थुजी पुरणपोळी घेऊन आले. गोपालने ती त्यांच्या तळहातावरूनच खाल्ली.

"मामाजी, यायले काय झालं?"

"काई नाई." त्यांनी गोपालची पाठ थोपटली. "एकट्याले जड जाते."

ती मागे सरायला गेली. पाय उचलेना.

उठल्यापासून मान अवघडली होती. तिने खांद्यावर हात नेला. बोटं पिवळी झाली.

तूप अजून कोमट होतं.