न दिलेले एकेचाळीस हादरे

कॅन्टीनच्या रांगेत उभं राहून ती एका अनोळखी माणसाचा उद्धार करत होती, आणि तो माणूस नेमका तिच्या मागेच उभा होता.

"ज्याने कोणी हा सर्व्हे केला," ती पुढच्या मैत्रिणीला सांगत होती, "तो एक तर आळशी असणार, नाहीतर दुपारी झोपणारा. एवढ्या सुंदर डेटाच्या मधोमध भोक पाडून ठेवलंय."

"दुपारी झोपत नाही मी," मागून आवाज आला. "बाकीचं तुम्ही ठरवा."

ती वळली. उन्हाने रापलेला चेहरा, एका हातात रिकामा ट्रे, बगलेत पुठ्ठ्याच्या जाड वह्यांचा गठ्ठा. तो तिच्याकडे बघत होता, आणि मधूनच खिडकीबाहेरच्या झाडांकडेही. तिला काहीतरी बोलायचं होतं... पण रांग पुढे सरकली, आणि मैत्रिणीने हसू दाबत तिला दंडाला धरून पुढे ओढलं.

तिचं काम जमिनीच्या पोटात डोकावण्याचं. मैदानात जड ट्रक जमिनीला हादरे देतात. तो आवाज खाली जातो, थराथरावर आपटून परत येतो, आणि हजारो यंत्रं तो कान देऊन ऐकतात. त्या सगळ्या प्रतिध्वनींचा मिळून संगणकावर एक ठोकळा तयार होतो. तो उभा कापायचा, आडवा कापायचा, थर ओळखायचे, आणि तेल किंवा वायू कुठे अडून राहिला असेल ते सांगायचं. दिसलं तिथे सलग रेघ, अंदाज असेल तिथे तुटक रेघ. काहीच दिसत नसेल तिथेही बाकीचे तुटक रेघ ओढून मोकळे होत. ती कोरं सोडत असे. आवाजाच्या जाण्यायेण्याचा वेळ ती सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायची, म्हणून ऑफिसात तिला पाठीमागे 'मिलिसेकंद' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. नाव चुकीचं नाही, असंच तिचंही मत होतं.

या वेळचं कोरं मात्र जीव खात होतं. जमिनीतला एक मोठा तडा उत्तरेकडून सरळ चालत यायचा आणि बरोबर त्या भोकाच्या काठाशी नाहीसा व्हायचा. तो भोकातून सलग गेला असेल, तर त्याच्या आड वायू अडून राहिला असणार. मध्येच तुटला असेल, तर वायू केव्हाच निसटून गेला असणार. एकेचाळीस हादरे कुणीतरी दिलेच नव्हते, आणि त्या कुणीतरीला साहेबांनी आता तिच्याच शेजारच्या टेबलावर आणून बसवलं.

तो मैदानातल्या तुकडीचा निरीक्षक होता. कोणता हादरा कधी, कुठे दिला आणि कोणता का वगळला, याची नोंद त्याच्याकडे असे. त्याचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या; ते त्याच्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. म्हणून तीन आठवडे बसून जुन्या नोंदी संगणकावर चढवायच्या, आणि मग समुद्रावरच्या सर्व्हेच्या जहाजावर जायचं, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने त्या भोकाची वही मागितली. एकेचाळीस ओळी, आणि प्रत्येकीपुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द. त्याने वाचून दाखवला: खडक. त्याखाली 'तपासणाऱ्याची सही' असा चौकोन होता, रिकामा.

दोन दिवस ती पडद्यावर आवाजाच्या वेळा मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी खुर्ची त्याच्याकडे वळवून शांतपणे म्हणाली, "तिथे खडक नाही."

"तुम्ही गेला होतात?"

"आवाज गेला होता. भोकाच्या अलीकडे दिलेला हादरा पलीकडच्या यंत्रांपर्यंत पोचला आहे. खडक असता तर तो झटकन पोचला असता. हा रमतगमत पोचलाय. तिथे चिखल आहे. खोल, मऊ चिखल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच वही मिटली. "सात वर्षांत ही चोरी कुणी पकडली नव्हती."

"मग काय होतं तिथे?"

"तळं..." तो कानामागे खाजवत म्हणाला. "आणि तळ्याकाठी एक आजीबाई. आणि आजीबाईंचं बदक."

बदक अंड्यांवर बसलं होतं. आजीबाई ट्रकसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. हादऱ्याने अंडी हलली तर पिल्लं जगायची नाहीत, अठ्ठावीस दिवसांनी या, तोवर चहा घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. अठ्ठावीस दिवस तुकडी कुठून थांबणार? तो तासभर बांधावर बसून राहिला, आणि मग त्याने ट्रक वळवले. वहीत 'बदक' असं लिहिण्याचा धीर झाला नाही. तुकडीने जन्मभर चिडवलं असतं.

ती हसली. खळखळून हसणं तिच्या स्वभावात नव्हतं; पण त्या दिवशी चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तो पुढचं वाक्य विसरला आणि तिच्या रिकाम्या कपातून चहा प्यायला लागला.

तिथून दिवस कसे गेले, कळलं नाही. म्हणजे तिला कळलं. तिने मोजले होते. सकाळी तो आधी खिडकीशी जाई आणि पानं हलताहेत का ते बघे. वारा असला की यंत्रांना नीट ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षांची सवय. शांततेची वाट पाहणं हाच त्याचा धंदा होता. तो गप्प बसला तरी ते अवघडल्यासारखं वाटत नसे. ती पडद्यावर रेघ ओढत असताना तो श्वासही जपून घेई, आणि रेघ संपली की हलकेच पेन्सिल टेबलावर ठेवी. त्या पेन्सिलीच्या टकटकीची तिला वाट पाहायची सवय लागली. मग ती रेघा लवकर संपवू लागली...

घरी ती मावशीबरोबर राहायची. मावशी रफूचं काम करी. लोकरीच्या स्वेटरला कुठे भोक होतं हे नंतर शोधूनही सापडत नसे. भाचीच्या बोलण्यात बदक तिसऱ्यांदा आलं, तेव्हा मावशीने सुई थांबवली.

"त्या बदकावर एवढी माया कशी गं बसली तुझी?"

"विषय तडा सलग आहे की नाही, हा आहे मावशी."

"हो का? मग पोळी बशीत का वाढून घेतलीस?"

अडचण निराळीच होती. त्या भोकावर पुन्हा जाऊन हादरे द्यावेत, अशी शिफारस तिला करायची होती. ती मंजूर झाली, तर जागा माहीत असलेला माणूस लागणार, आणि तो काही दिवस तरी जहाजावर जाणार नाही. हे लक्षात आलं आणि तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. तडा खरंच संशयास्पद आहे, की मलाच तो तसा हवा आहे? शेवटी तिने काही न सांगता मैत्रिणीला तेच चित्र दिलं आणि रेघ ओढायला लावली. मैत्रिणीने दोनदा ओढली आणि दोन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी नेली. संशय खरा होता. हलक्या मनाने तिने शिफारस लिहिली.

साहेबांनी ती वाचली, मान्य केली आणि शेरा मारला: पाऊस ओसरल्यावर, आठ महिन्यांनी, उपलब्ध तुकडीकडून.

त्याच्या शेवटच्या दिवशी बाहेर अवकाळी भुरभुर चालली होती. खिडकीवरचे थेंब एकमेकांना गाठत खाली उतरत होते. त्याने वह्या बांधल्या, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"तुम्ही त्या भोकात रेघ का ओढत नाही?" त्याने विचारलं. "सगळे ओढतात. तुटक का होईना."

"दिसत नाही ते मी काढत नाही."

"हं." तो झाडांकडे बघत राहिला. पानं अगदी स्तब्ध होती. मग तिच्याकडे वळून, हादरा देण्याआधी माणसं गप्प होतात तसा क्षणभर गप्प राहून म्हणाला, "जहाजावर दुसरा माणूस जाऊ शकतो. मी विचारून ठेवलंय. मी थांबावं... असं तुमचं मत आहे का?"

तिच्या छातीत जे झालं ते कुठल्याही यंत्रावर उमटलं असतं. आणि तोंडातून मात्र, सवयीने, साहेबांना दिलं असतं तेच उत्तर निघून गेलं.

"माझ्याकडे पुरेसा डेटा नाही."

त्याने मान डोलावली. पेन्सिल हलकेच टेबलावर ठेवली, आणि गेला.

मावशीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. स्वेटरमधून हात आरपार घालत एवढंच म्हणाली, "भोक कोरं सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, बाळ. थंडी त्यांनाच वाजते."

आठ महिने. समुद्रावरून कधी दोन ओळी येत: आज वारा फार, काम बंद. किंवा: आज पाणी आरशासारखं. ती उत्तरादाखल इथल्या झाडांची खबर कळवी. 'तुम्ही विचारलंत त्या दिवशी पानं हलत नव्हती' असं तिने सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा पुसलं. शेजारचं टेबल रिकामं होतं. ती आता रेघा सावकाश संपवायची. संपल्यावर ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

पाऊस ओसरला. भोकाचं काम चार दिवसांत आटोपल्याचं कळलं. एका सकाळी टेबलावर नवा डेटा येऊन पडला, आणि त्यावर नोंदवही. तिने वही उघडली आणि बसलीच.

शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या.

आयुष्यात पहिल्यांदाच तिने डेटा तसाच ठेवला आणि आधी वही वाचली; ते अक्षर तिला त्या तीन आठवड्यांत लागू लागलं होतं. एकेचाळीस हादरे, एकेचाळीस ओळी. पहिल्या ओळीपुढे शेरा: मागील नोंदीतलं कारण खोटं होतं. खडक नाही. बदक होतं. विसाव्या ओळीपुढे: आजीबाई ठणठणीत. पिल्लांनाही नातवंडं झाली. एकेचाळिसाव्या ओळीपुढे अक्षर जरा बारीक झालं होतं: या कामासाठी निरीक्षकाने जहाजावरून बदली मागून घेतली. कारण, भोक त्यानेच पाडलं होतं. हे अर्धं कारण.

खाली तपासणाऱ्याच्या सहीचा चौकोन. रिकामा.

ती वही घेऊन उठली. मैदानातली माणसं ऑफिसात आली की आधी कुठे जातात, हे तिला ठाऊक होतं. कॅन्टीनची रांग दारापर्यंत आली होती. तो मधोमध, हातात रिकामा ट्रे, आणखी रापलेला. ती जाऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"नोंद अपुरी आहे," ती म्हणाली.

त्याचे खांदे थबकले. तो सावकाश वळला. "कुठे?"

"शेवटच्या ओळीत. उरलेलं अर्धं कारण नाही."

"रकाना लहान होता," तो म्हणाला. आणि मग, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तुमच्या शेजारचं टेबल. समुद्रावर आठ महिने मला दुसरं काही सुचलं नाही."

तिने वही त्याच्या रिकाम्या ट्रेवर ठेवली, पेन उघडलं आणि चौकोनात सही केली. सही थोडी वाकडी आली.

"पुरेसा डेटा माझ्याकडे अजूनही नाही," ती पेन मिटत म्हणाली. त्याचा चेहरा पडू लागला तसं तिने घाईने, मोजमाप न करता, पुढचं बोलून टाकलं. "पण तू थांब."

मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, अहो, रांग पुढे सरकवा. दोघंही हलली नाहीत.